आकड्यांची साक्ष : दादाभाईंपासून बाबासाहेबांपर्यंत

गणपती म्हणजे गणांचा अधिपती. गण म्हणजे समूह, आणि समूह आला की मोजणी आलीच. म्हणून 'गणना' आणि 'गणित' हे शब्दही त्याच 'गण' शब्दाच्या कुळातले आहेत. तेव्हा आरत्या, उत्सवाच्या आठवणी आणि पाककृती यांच्या शेजारी स्मरणिकेत एखादा लेख आकड्यांवर आला, तर तो विघ्नहर्त्याला परका वाटू नये.

आज आकड्यांवाचून कोणतेही सादरीकरण होत नाही. शाळेतला प्रकल्प असो, कंपनीतली बैठक असो की गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा असो, पडद्यावर रंगीत स्तंभ उभे राहतात, एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते आणि बोलणारा म्हणतो, "हे आकडेच बोलतात." संगणक दोन मिनिटांत आलेख काढून देतो. हे इतके सोपे झाल्यामुळे एक गोष्ट आपण विसरतो. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, सैन्य नव्हते, साधा मतदानाचा हक्कही नव्हता, अशा माणसांनी याच देशात आकड्यांचे शस्त्र करून एका साम्राज्याशी वाद घातला होता. त्या वादाचे काही महत्त्वाचे धागे आपल्या बडोद्यातून गेलेले आहेत. ते एकत्र गुंफावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

तक्त्याचे चित्र झाले

आकडे मांडण्याची चित्ररूप पद्धत तशी फार जुनी नाही. १७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचा एक नकाशासंग्रह काढला. नाव नकाशासंग्रह, पण त्यात देशांचे नकाशे नव्हते. व्यापाराच्या चढउताराच्या रेघा होत्या. स्कॉटलंडच्या व्यापाराची पुरेशा वर्षांची माहिती त्याला मिळाली नाही, म्हणून त्याने एकाच वर्षाचे आकडे देशवार स्तंभांनी दाखवले. आज शाळकरी मूल काढते तो स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला. पुढे १८०१ साली त्यानेच वर्तुळाचे तुकडे पाडून भाग दाखवण्याची रीत आणली. त्याचे म्हणणे साधे होते : तक्ता वाचायला वेळ लागतो आणि वाचलेला लक्षात राहत नाही, डोळ्याला आकार मात्र एका क्षणात कळतो.

या साधनाला धार आणली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. आपण त्यांना 'दिवा घेतलेली परिचारिका' म्हणून ओळखतो. त्यांची दुसरी ओळख संख्याशास्त्रज्ञाची आहे. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्यांनी इस्पितळातल्या मृत्यूंचे महिनावार हिशेब विल्यम फार यांच्या मदतीने लावले आणि १८५८ साली ते पाकळ्यांच्या वर्तुळात मांडले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी. जखमांनी मेलेले लाल, इतर कारणांनी मेलेले काळे, आणि टाळता आले असते अशा रोगांनी मेलेले निळे. ते चित्र पाहताच कळते की लाल आणि काळा रंग मिळूनही निळ्यापुढे थोडाच आहे. सैनिकांना शत्रूच्या गोळीपेक्षा बराकीतल्या घाणीने अधिक मारले, हे सांगायला मग भाषणाची गरज उरली नाही. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांचा हिंदुस्थानशी संबंध इथून सुरू होतो. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. त्यात ठळक आकडा होता : दर हजारी दर वर्षी ६९ मृत्यू. नाइटिंगेलबाईंनी तो आकडा सोडला नाही. पाणी, गटारे, बराकी यांचा पाठपुरावा करीत दहा-अकरा वर्षांनी तो १८ वर आल्याचे त्या लिहू शकल्या. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, पण पुढे खेड्यांतील आरोग्य आणि रयतेची स्थिती याबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुण्यात त्या वेळी हिशेबाचेच काम चालले होते. त्याकडे वळण्याआधी मात्र दादाभाईंकडे गेले पाहिजे.

वीस रुपये

दादाभाई नौरोजी यांना आपण 'पितामह' म्हणतो. ते आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे लक्षात ठेवले तर त्यांच्या राजकारणाची रीत उलगडते. १८७४ साली मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत ते बडोद्याचे दिवाण होते. दरबारातील गटबाजी आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचा विरोध यांमुळे जेमतेम वर्षभरात त्यांनी ते पद सोडले. त्यानंतर १८७६ साली मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला निबंध वाचला.

निबंधाच्या मुळाशी प्रश्न एकच होता : या देशात दरडोई किती पिकते? सरकारजवळ याचे उत्तर नव्हते. जमीन किती, सारा किती, रेल्वे किती मैल, हे सगळे अहवालांत होते. पण माणसामागे काय येते याचा हिशेब कोणी केला नव्हता. दादाभाईंनी प्रांतोप्रांतीचे प्रशासकीय अहवाल घेतले, मुख्य पिकांचे क्षेत्र आणि उतारा घेतला, बाजारभावाने गुणले, त्यात इतर उत्पन्नाची भर घातली. १८६७ ते १८७० या काळासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे एकूण उत्पन्न त्यांनी सुमारे ३४ कोटी पौंड धरले आणि लोकसंख्या सुमारे १७ कोटी. भागाकार आला माणशी दोन पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने वर्षाला वीस रुपये.

वीस हा आकडा एकटा उभा राहिला असता तर त्याचा अर्थ कोणाला कळला नसता. वीस म्हणजे थोडे की पुष्कळ? इथे दादाभाईंची खरी हुशारी दिसते. त्यांनी त्याच सरकारच्या तुरुंगखात्याचे अहवाल काढले आणि कैद्याच्या अन्नवस्त्राचा वार्षिक खर्च प्रांतवार शेजारी मांडला. मुंबई इलाख्यात तो सत्तेचाळीस रुपयांच्या वर होता, मद्रासेत त्रेपन्नाच्या वर. जिथे तो सर्वांत कमी होता तिथेही वीसपेक्षा अधिकच. गुन्हा करून तुरुंगात गेलेल्याला सरकार जे देते, तेवढेही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही! शिवाय वीस ही सरासरी आहे. सधनांनी आपला वाटा घेतल्यावर गरिबाकडे वीसही उरत नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितले. त्यांच्या निबंधात एकही आलेख नाही, पण एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन स्तंभ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतातच.

या निबंधातला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, पण आजच्या सादरकर्त्यांनी तो मुद्दाम वाचावा. सरकारी अहवालांत प्रांताची सरासरी काढण्याची पद्धतच चुकीची आहे, हे दादाभाईंनी दाखवून दिले. अधिकारी काय करीत? प्रत्येक जिल्ह्याचा भाव किंवा उतारा घ्यायचा, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे. समजा एका जिल्ह्यात नऊ लाख एकरांत एकरी चार मण पिकते आणि दुसऱ्यात एक लाख एकरांत एकरी बारा मण. सरकारी रीतीने सरासरी आली आठ मण. पण एकूण धान्य अठ्ठेचाळीस लाख मण आणि जमीन दहा लाख एकर. म्हणजे खरी सरासरी पावणेपाचाच्या जरा वर. आठ मणांच्या हिशेबाने रयत सुखी दिसते आणि सारा वाढवायला हरकत उरत नाही. पावणेपाचाच्या हिशेबाने तीच रयत अर्धपोटी असते. भागाकाराची एवढीशी चूक कोणाच्या ताटातली भाकर पळवू शकते, हे गणिताच्या प्राध्यापकाला दिसले.

सरकारने हा वाद मनावर घेतला. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर यांनी दरडोई सत्तावीस रुपयांचा अंदाज काढला; १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी तीस रुपये सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज गृहस्थाने आपल्या जाडजूड ग्रंथात आकडा अठराच्याही खाली आणला. दादाभाईंचा हिशेब ढोबळ होता, अहवालांत जे मिळाले त्यावर उभा होता, आणि सरकारने नीट माहिती गोळा करून छापावी अशी त्यांचीच मागणी होती. महत्त्वाचे हे की सत्तावीस म्हणा नाहीतर तीस म्हणा, राज्यकर्त्यांना आता 'प्रजा सुखी आहे' एवढे म्हणून भागत नव्हते. त्यांना आकड्यानेच उत्तर द्यावे लागले.

सोलापूरचे हेडमास्तर

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. न्यायमूर्ती रानडे पुण्यात आल्यावर तिच्या कामाला वेगळे वळण लागले. नुसता अर्ज लिहायचा नाही. आधी गावोगाव चौकशी करायची, माहिती जमवायची आणि मग अर्ज लिहायचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, दुष्काळी कामांची, उपासमारीची हकीकत कळवीत होती आणि सभा ती एकत्र करून सरकारकडे पाठवीत होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य रोजी एक पौंडावर आणले, तेव्हा हा शिधा पुरत नाही असे म्हणायला सभेपाशी कळवळा होता आणि कागदही होता.

१८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात जमीनमहसूल, मिठाचा कर, विनिमयदर, लष्करी खर्च यांवर लांबलचक लेख येत. खाली लेखकाचे नाव नसे. त्यातले अनेक लेख गणेश व्यंकटेश जोशी यांचे होते. जोशी हे सरकारी शाळेतले शिक्षक, पुढे सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारी निळी पुस्तके, वार्षिक अहवाल, अंदाजपत्रके यांचा त्यांच्याइतका अभ्यास तेव्हा क्वचितच कोणाचा असेल. त्यांच्या हयातीत फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. १९११ साली ते गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे लेख आणि भाषणे ग्रंथरूपाने आली, तेव्हा तो ग्रंथ पाहून लोक थक्क झाले.

या जोश्यांचा एक विद्यार्थी म्हणावा असा तरुण फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होता. त्याने शाळांसाठी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही तयार केले होते. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. साक्षीची तयारी रानडे आणि जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झाली होती. आयोगाच्या सभासदांनी उलटसुलट प्रश्न विचारले, पण तक्ते डगमगले नाहीत.

२६ मार्च १९०२

कलकत्ता. मध्यवर्ती कायदेकौन्सिलाची बैठक. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी मांडलेले अंदाजपत्रक सात कोटींच्या वर शिलकीचे होते. सभासद एकामागून एक अभिनंदन करीत होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई. मत देता येत नसे, दुरुस्ती सुचवता येत नसे. म्हणजे पटवून देण्याखेरीज दुसरे कोणतेच हत्यार नव्हते.

गोखले उठले आणि म्हणाले की या अभिनंदनात मला सामील होता येत नाही. मग त्यांनी शिल्लक कोठून आली ते उलगडले. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता. इंग्लंडात पौंडांनी द्यायच्या खर्चासाठी तेव्हा एका पौंडाला साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढायला सरकारने आधीच्या वर्षांत कर वाढवले होते. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. पुढे सरकारने चलनात फेरफार करून रुपया सोळा पेन्सांवर नेला. आता पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. तूट संपली, पण तुटीसाठी बसवलेले कर तसेच राहिले. शिल्लक पडली ती यातून.

बाहेर १८९६ पासून प्लेग होता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ होऊन गेले होते. अशा वेळी प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक पैसा घेणे हा एक अन्याय. आणि त्याच शिलकेकडे बोट दाखवून 'पाहा, प्रजा किती सुखी आहे' असे म्हणणे हा दुसरा, असा त्यांचा मुद्दा होता. मिठाचा खप किती वर्षे कसा चालला हे त्यांनी दाखवले : कर कमी होता तेव्हा खप वाढला, कर चढला तेव्हा लोकसंख्या वाढूनही खप अडखळला. मीठ ही काही चैनीची वस्तू नव्हे. माणूस मिठातही काटकसर करतो तेव्हा त्याच्या घरात आणखी काय असेल?

भाषणातला प्रत्येक आकडा सरकारचाच होता. म्हणून त्याला खोटा म्हणणे शक्य नव्हते. सरकारने ते आकडे ज्या क्रमाने लावले होते तो क्रम गोखल्यांनी बदलला, आणि त्याच आकड्यांतून दुसरी गोष्ट बाहेर आली. १९०३ साली मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची सूट पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. हे सारे एका भाषणाने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण दरसाल मार्चमध्ये हा मास्तर कलकत्त्याला येऊन वही उघडणार, हे सरकारला माहीत झाले होते; आणि त्या वहीमागे सोलापूरच्या हेडमास्तरांची मेहनत होती.

बडोद्याचा दाखला

आता आपल्या गावाची गोष्ट. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. याच सुमारास, १९०४ पासून, रमेशचंद्र दत्त बडोदे राज्याच्या सेवेत होते. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड लिहिणारा हा आकड्यांचा माणूस १९०९ साली दिवाणपदावर असताना बडोद्यातच वारला.

१९११ साली गोखल्यांनी मध्यवर्ती कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सरकारचे आणि अनेक बड्या मंडळींचे म्हणणे ठरलेले होते : लोकांची तयारी नाही, सक्ती या देशात चालणार नाही. गोखल्यांनी इंग्लंड-अमेरिकेचे दाखले दिलेच, पण सर्वांत नेमका दाखला होता बडोद्याचा. बडोद्यात एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले शाळेत, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के शिकत होते, तिकडे २१.५. मुलींत बडोद्याचे प्रमाण ४७.६, तिकडे ४.

हे आकडे आज कागदावर घेऊन त्यांचे स्तंभ काढून पाहावेत. मुलींचा बडोद्याचा स्तंभ बारा बोटे उंच काढला, तर ब्रिटिश मुलखाचा एक बोटभर येतो. माणसे तीच, दारिद्र्य तेच, चालीरीती त्याच, शेजारशेजारची गावे. एका बाजूला गायकवाडी हद्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मग फरक कशाचा? राज्यकर्त्याच्या इच्छेचा. तुलना करायची तर अशी करावी, की बाकी सारे सारखे राहून एकच गोष्ट वेगळी असेल.

तरीही विधेयक पडले. १९ मार्च १९१२ रोजी तेरा मते बाजूने आणि अडतीस विरुद्ध. आकडे कितीही खरे असले तरी सभागृहातली डोकी वेगळ्या हिशेबाने मोजली जातात, हेही या इतिहासातून शिकायचे. पण मांडणी वाया गेली नाही. सहा वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला.

बाबासाहेबांचा तक्ता

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि अर्थशास्त्र शिकून आले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला १९२५ चा ग्रंथ त्यांनी महाराजांना अर्पण केला आहे. १९२७ साली ते मुंबई कायदेकौन्सिलात आले, आणि त्याच मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी गोखल्यांची रीत एक पाऊल पुढे नेली.

त्यांनी आधी दोन आकडे शेजारी ठेवले. इलाख्यात शिक्षणावर सरकार माणशी चौदा आणे खर्च करते. आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक गोळा करते. मग वेग मोजला : शिक्षणाचा प्रसार याच गतीने चालला, तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुलींना तीनशे. मग गळती : पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा.

त्यानंतरचा तक्ता अगदी छोटा होता. इलाख्यातील लोकांचे शिक्षणखात्याने चार वर्ग केले होते : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मध्यम वर्ग आणि मागासलेला वर्ग. बाबासाहेबांनी प्रत्येकाचा लोकसंख्येतला क्रमांक आणि शिक्षणातला क्रमांक एवढेच समोर ठेवले. पुढारलेले लोकसंख्येत चौथे, शिक्षणात पहिले. मागासलेले लोकसंख्येत दुसरे, शिक्षणात शेवटचे. प्राथमिक शाळेत, दुय्यम शाळेत, कॉलेजात, तिन्हीकडे शेवटचे. तोवर आपण सारे इलाख्याची सरासरी सांगत होतो. ही सरासरी कोणाला झाकून ठेवते ते बाबासाहेबांनी दाखवले. दादाभाईंनी जिल्ह्यांच्या सरासरीबद्दल जे म्हटले होते, तेच त्यांनी समाजाच्या सरासरीबद्दल म्हटले.

इथे बडोदेकरांनी आणखी एक गोष्ट आठवायला हवी. १९१७ साली हेच विद्वान राज्याच्या सेवेसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना या गावात राहायला खोली मिळाली नाही. पारशी उतारगृहातून त्यांना बाहेर काढले गेले, आणि कोणीही आसरा दिला नाही. ज्या राज्याचे शिक्षणाचे आकडे देशभर दाखला म्हणून वाचले जात होते, त्याच राज्याची ही राजधानी होती. शिरगणतीत घरांचा रकाना असतो. कोणासाठी त्या घराचे दार उघडत नाही, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. कमाटीबागेतील संकल्पभूमीवर गेले की हा न लिहिलेला रकाना दिसतो.

साक्षीदाराची उलटतपासणी

या सगळ्या इतिहासातून आजच्या सादरकर्त्याने आणि त्याहून अधिक आजच्या श्रोत्याने काय घ्यावे? न्यायालयात साक्षीदार आला की त्याची उलटतपासणी होते. पडद्यावरच्या आलेखाचीही व्हावी.

पहिला प्रश्न : सरासरी कशाची, आणि कोणाला झाकणारी? हा दादाभाईंचा आणि बाबासाहेबांचा प्रश्न.

दुसरा : मोजणी कोणत्या वर्षापासून सुरू केली? दुष्काळी वर्षापासून सुरुवात केली तर कोणतीही रेघ चढतीच दिसते. गोखल्यांनी चार वर्षांची शिलकी रेघ मागे, घसरलेल्या रुपयापर्यंत नेली, म्हणून खरी गोष्ट कळली.

तिसरा : खालची रेघ शून्यापासून आहे ना? समजा एखाद्या मंडळाचे सभासद ४८० चे ५०० झाले. वाढ चार टक्क्यांची. पण स्तंभ ४७० पासून काढला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो! आकडा एकही खोटा नाही, चित्र मात्र खोटे.

चौथा : आकार कशाने वाढवला? दुप्पट दाखवायला वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्र चौपट होते. नाइटिंगेलबाईंच्या पाकळ्यांत मृत्यूंची संख्या क्षेत्राने मोजली आहे. सुशोभनाच्या नादात आज पुष्कळ जण हे विसरतात.

आणि पाचवा : शेजारी काय ठेवले आहे? वीस रुपयांच्या शेजारी कैद्याचा खर्च, चौदा आण्यांच्या शेजारी दारूचा कर. तुलनेशिवाय आकडा मुका असतो.

आपला हिशेब

शेवटी घरचे बोलू. बडोद्यात काय, इंदूर-ग्वाल्हेरात काय, हैदराबाद-बेळगावात काय, आपल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी घरे दर दहा वर्षांच्या शिरगणतीत एका रकान्यात मोजली जातात : मातृभाषा. २०११ च्या गणनेत देशभरात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी नोंदली गेली. हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. आपल्या शहरातल्या मराठी शाळेचे वर्ग, ग्रंथालयाचे अनुदान, आकाशवाणीवरचा वेळ यांची मागणी करायला कोणी गेले, तर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही आहात किती?" गणक दारात उभा असतो, घरातले धाकटे कोणी पटकन उत्तर देते आणि तो रकाना भलत्याच भाषेने भरला जातो. नातवंडे गुजराती उत्तम बोलतात याचा आनंदच आहे. ती भाषा या भूमीची आहे आणि आपलीही झाली आहे. पण घरात आजीशी बोलायची भाषा मराठी असेल, तर रकान्यात मराठीच लिहिली गेली पाहिजे. तो आकडा नंतर कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

आणि एक सूचना मंडळाच्या कार्यकारिणीसाठी. स्मरणिकेत दरवर्षी जमाखर्च छापला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक पान असावे : वाचनालयातून वर्षभरात किती मराठी पुस्तके घरी गेली, उत्सवातल्या नाटुकल्यात किती मुलांनी मराठीत संवाद म्हटले, बालवर्गात किती आली आणि वर्षअखेर किती टिकली. आकडे वाढलेले नसले तरी ते छापावेत, आणि दरवर्षी त्याच रीतीने मोजावेत, म्हणजे पाच-दहा वर्षांनी त्यांची एक रेघ काढता येईल. ती चढती असेल की उतरती, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण गणेश व्यंकटेश जोश्यांसारखे कोणीतरी वही घेऊन बसले नाही, तर ते पुढेही कोणाला सांगता येणार नाही. यंदाच्या अनंत चतुर्दशीनंतर होणाऱ्या सभेत हे काम एखाद्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे सोपवावे, अशी विनंती आहे.